चिलखत घालून बसता आलं पाहिजे : आमची वाटचाल

आमच्या पहिल्या ग्राहकाला आम्ही बनवलेलं चिलखत घालून बसता आलं नाही. एका व्हिडिओ गेममधल्या योद्ध्याचा पोशाख होता तो. छाती, पाठ, खांदे, मांडीवरच्या पट्ट्या, सगळं ईव्हीए फोमचं, म्हणजे चपलेच्या तळव्याला वापरतात तसल्या हलक्या फोमचं. तो घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गेममधल्या पात्रांचे पोशाख घालून लोक जमतात तसा एक कार्यक्रम होता, तो संपल्यावर तो आम्हाला भेटायला आला, तेव्हा त्याच्या दोन्ही काखांखाली लाल वळ उठलेले होते. सहा तास तो उभाच होता. हात तोंडापर्यंत जात नव्हता, म्हणून पाणीसुद्धा मित्राने पाजलं. त्याने तक्रारीचा शब्द काढला नाही, उलट फोटो छान आले म्हणून आभार मानले. ते वळ मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलले नाहीत. आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात मी त्या रात्रीपासून धरते.

आम्ही दोघं भावंडं. मी शिवणकामातली. भाऊ लहानपणापासून गेम खेळणारा आणि पुठ्ठ्याची मॉडेल्स करणारा. पडद्यावरचं एखादं पात्र थांबवून तो विचारायचा, "ताई, हे शिवता येईल का गं?" कापडाचं काम माझ्याकडे, कडक भाग त्याच्याकडे, आणि शेवटच्या दिवशी दोन्ही एकत्र जोडायचं, अशी आमची पद्धत होती. चूक तिथेच होती. चिलखत हेही अंगात घालायचं वस्त्र आहे. सदरा बेतताना मुंढ्याला जी मोकळीक मी डोळे मिटून ठेवते, तीच फोमलाही हवी असते. फोम ताणला जात नाही, म्हणून जरा जास्तच हवी असते.

तेव्हापासून कडक भागाचंही माप मीच घेते. ग्राहकाला जुना टी-शर्ट घालायला सांगायचा, त्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि वरून चिकटपट्टीचे थर द्यायचे. मग त्याला हात वर करायला, वाकायला, खुर्चीवर बसायला सांगायचं आणि जिथे सुरकुती पडेल तिथे मार्करने रेघ मारायची. चिलखताचे सांधे त्या रेघांवर येतात. शेवटी पाठीमागून ते कवच कापून काढलं, रेघांवर तुकडे केले आणि सपाट पसरले की झाला पॅटर्न. बाजारात मिळणाऱ्या तयार पॅटर्नपेक्षा याला निम्मा दिवस जास्त जातो. तो आम्ही कधीच वाचवत नाही.

गेममधल्या पोशाखाची अडचण अशी, की तो कुणी कधी घातलेलाच नसतो. पात्राने हात वर केला की खांद्याचा पत्रा सरळ मानेच्या आरपार जातो, आणि खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. जुन्या गेममधला पट्टा पाठीवर जाऊन मध्येच संपतो, बक्कल नुसतंच रंगवलेलं असतं. ते काढायचं कसं आणि घालायचं कसं, याचं उत्तर चित्रात नसतं, आपल्याला शोधावं लागतं. काही कंपन्या आता स्वतःच मदत करतात. २०१७ साली आलेल्या 'होरायझन झीरो डॉन' या गेमची नायिका एलॉय हिच्या पोशाखाची सगळ्या बाजूंची चित्रं निर्मात्यांनी खास पोशाख बनवणाऱ्यांसाठी दिली. ती हातात पडली तेव्हा भाऊ आणि मी अख्खी दुपार नुसत्या गाठी आणि शिवणी बघत बसलो होतो.

दुसरी अडचण बांध्याची. २००१ च्या 'हेलो' या गेमचा नायक मास्टर चीफ चिलखतासकट जवळजवळ सात फूट उंच आहे. साडेपाच फुटांच्या माणसाला तेच चिलखत नुसतं लहान करून घातलं तर पिंप दिसतं. आम्ही बुटाच्या आत टाचेला चढ देतो, कमरेचा भाग आखूड करून नडगीचा भाग लांबवतो, आणि सगळ्यात जास्त वेळ शिरस्त्राणावर घालवतो. शिरस्त्राण डोक्याला जेवढं लगत बसेल तेवढा माणूस उंच दिसतो. ते एका बोटाने जरी मोठं झालं तरी अख्खा पोशाख खेळण्यातला वाटायला लागतो. लगत बसवायचं तर आत हवा कोंडते आणि काचेवर वाफ धरते. म्हणून हनुवटीजवळ एक छोटा पंखा बसवतो, जो ताजी हवा काचेच्या आतल्या बाजूवर सोडतो. त्याची बॅटरी पाठीत, आणि बटण असं की हातमोजा घालूनही दाबता यावं.

फोमविषयी थोडं सांगते, कारण नवी मुलं नेहमी विचारतात. कापायच्या पातीची धार सतत ताजी हवी. बोथट पात फोम कापत नाही, ओढते, आणि कड दातेरी होते. कापल्यावर हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, पृष्ठभाग तापवला की त्यावरची बारीक छिद्रं मिटतात आणि रंग आत शोषला जात नाही. गरम असतानाच मांडीवर दाबून धरला की गार होताना तो बाक कायम राहतो. हा बाक जोडण्याआधी द्यायचा, नंतर नाही. आम्ही सुरुवातीला आधी चिकटवून मग तापवायचो आणि सांधे पटापट उकलायचे, कारण फोम चिकटवायचा गोंद, कॉन्टॅक्ट सिमेंट, उष्णतेने सैल पडतो. हे सिमेंट दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, आणि मग एकदाच नीट जुळवून दाबायचं. घाई केली तर सांधा धरत नाही, आणि एकदा टेकलं की सरकवता येत नाही.

थ्रीडी प्रिंटर आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता हातकाम कमी होईल. झालं नाही. प्रिंटवरच्या थरांच्या रेघा घालवायच्या तर लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर मारा, आधी जाड मग बारीक पॉलिश पेपरने घासा, पुन्हा प्रायमर मारा. एका शिरस्त्राणाला चार-चार दिवस जातात. शिवाय एक महागडा धडा मिळाला. पीएलए या प्लॅस्टिकचं प्रिंट केलेलं शिरस्त्राण ग्राहकाने दुपारभर उन्हात गाडीत ठेवलं आणि ते एका बाजूने बसलं. पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं, बंद गाडीत उन्हाने तेवढं तापमान सहज होतं. दोष त्याचा नव्हता, सांगायचं काम आमचं होतं. ते आम्ही नव्याने करून दिलं. आता अंगावर घालायचे भाग जास्त उष्णता सोसणाऱ्या पीईटीजी प्लॅस्टिकचे करतो आणि प्रत्येक पोशाखासोबत तो कसा ठेवायचा याचा कागद देतो.

पहिल्या वर्षी आम्ही बंद खोलीत काम करायचो. दोघांचीही डोकी संध्याकाळी जड व्हायची, आणि आम्हाला ते जागरणाचं वाटायचं. ती सिमेंटची वाफ होती. साधा कापडी मास्क फोमचा भुगा थोडाफार अडवतो, वाफ अजिबात नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा अडवणारं कार्ट्रिज, म्हणजे गाळणीची डबी, लावलेला मास्क लागतो, आणि खोलीतून हवा बाहेर ओढणारा पंखा लागतो. हा खर्च आम्ही रंगाच्या यंत्राच्या आधी करायला हवा होता.

आता रंगाकडे येते, कारण लोक आम्हाला ओळखतात ते त्यासाठी. पोशाख 'खरा' दिसतो म्हणजे काय, यावर भावाचं आणि माझं दोन वर्षं भांडण चाललं. त्याचं म्हणणं, पडद्यावरचा रंग हुबेहूब यावा. मी म्हणायचे, पडद्यावरच्या रंगात त्या दृश्यातला उजेड मिसळलेला आहे, तो रंग उचलून दिव्याखाली आणलास तर मातकटच दिसणार. मार्ग त्यालाच सापडला, तोही गेममधूनच. हल्लीच्या गेममध्ये रंग वेगळा साठवतात आणि पृष्ठभाग किती खरखरीत, किती चकचकीत आहे ते वेगळं साठवतात. डोळा लोखंड ओळखतो ते बरंचसं चकाकीवरून. तेव्हापासून आम्ही सगळ्यावर एकच वॉर्निश मारणं बंद केलं. कापड पूर्ण मॅट, चामडं अर्धवट तुकतुकीत, धातूच्या सपाट भागावर मंद चमक आणि फक्त घासल्या जाणाऱ्या कडांवर लख्ख.

आणि घासलं कुठे जाईल, हे अंदाजाने ठरवत नाही. भाऊ पात्र खेळून बघतो. ते तलवार कुठल्या हाताने काढतं, म्यान कुठल्या कमरेला आहे, गुडघ्यावर बसतं का, धनुष्याची दोरी कुठल्या मनगटाला लागते. उजव्या खांद्याचा एक पत्रा मला अजून आठवतो. आधी काळा थर, त्यावर स्पंजने टिपलेला गडद करडा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी. तिथवर सगळेच करतात. मग आम्ही पट्ट्याचं बक्कल बांधून पत्रा वर-खाली हलवला आणि बक्कल जिथे टेकत होतं तिथेच, नखाएवढ्या जागेत, पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळली. खाचांत पातळ केलेला तपकिरी ॲक्रिलिक सोडला आणि वरून पुसून घेतला, म्हणजे मळ आत राहिला आणि उंचवटे स्वच्छ झाले. पाणी खाली ओघळतं म्हणून गंजाचे ओघळ रिबिटांच्या खालीच काढले, वर एकही नाही. सगळीकडे सारखे ओरखडे मारलेलं चिलखत मला बघवत नाही. ते झिजलेलं वाटत नाही, मळवलेलं वाटतं.

कड्यांचं चिलखत आम्ही एकदाच केलं. 'विचर ३' या गेमचा नायक गेराल्ट, त्याच्या बाह्यांना तसं काम आहे, आणि ग्राहकाला खरी धातूची कडी हवी होती. पोलाद वजनाला झेपणारं नव्हतं, म्हणून ॲल्युमिनियम घेतलं. ते साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं. एका कड्यात चार कडी ओवायची, दोन पकडींनी, हजारोंच्या संख्येने. मनगटं दुखली, पण त्या बाहीचा चालताना जो आवाज येतो तो फोममधून कधी येणार नाही.

धंद्याचं म्हणाल तर तो तासांच्या वहीवर उभा राहिला. सुरुवातीला आम्ही सामानाचा खर्च धरायचो, हाताचा नाही. वही लिहायला लागल्यावर कळलं, की मोठ्या पोशाखाला दोनशेच्या वर तास जातात. मग दर बदलले आणि काही ग्राहक गेले. एका पुरवठादाराने न सांगता कमी घनतेचा फोम पाठवला, तेव्हा कोपरांवर चुण्या पडल्या आणि दोन पोशाख उलगडून पुन्हा करावे लागले. त्यानंतर आलेला फोमचा प्रत्येक पत्रा आम्ही वजन करून घेतो. आज आम्ही चौघं आहोत आणि महिन्याला दोनच मोठी कामं घेतो. पोशाख देण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी, मापात बसत असेल तर, तो घालून संध्याकाळभर कारखान्यात वावरतं. नाहीतर ग्राहकालाच बोलावतो. बसणं, जिना चढणं, पाणी पिणं, आणि कुणाच्याही मदतीशिवाय प्रसाधनगृहात जाऊन येणं, एवढं जमलं तरच पोशाख बाहेर पडतो.

गेल्या महिन्यात तो उजव्या खांद्याचा पत्रा दुरुस्तीला परत आला. तीन वर्षं वापरलेला, पट्टा तुटलेला. आम्ही तो उजेडात धरून बघितला. बक्कलाखाली आम्ही चोळलेली पूड केव्हाच पुसली गेली होती, आणि नेमक्या त्याच जागी रंग घासून खरा ओरखडा उमटला होता. शेजारी आणखी एक होता, तिरपा, आम्ही न काढलेला. ग्राहक म्हणाला, "ढाल पाठीवर टाकताना लागते तिथे." भावाने विचारलं, रंग पुन्हा लावायचा का? तो नको म्हणाला. आम्ही फक्त पट्टा बदलून दिला.