वचनं तोंडपाठ, पगार मात्र उद्या

सकाळी मोबाईल उघडला की मंडळीच्या ग्रुपवर बायबलची वचनं येऊन पडलेली असतात, फुलाचा फोटो, त्यावर स्तोत्र, खाली आमेन आमेनची रांग. चांगलंय, माझी काही तक्रार नाही. पण हाच आमेनवाला घरकाम करणाऱ्या बाईला पगाराची तारीख उलटून गेल्यावरही दारातूनच "अगं आज सुट्टे नाहीत, उद्या बघू" म्हणतो ना, तेव्हा मला बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र आठवतं. पाचवा अध्याय, चौथं वचन. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलंय असं तिथे लिहिलंय. मजुरी ओरडतेय! आणि जुन्या करारातल्या लेवीय 19:13 मध्ये तर मजुराचे पैसे रात्रभर सुद्धा स्वतःजवळ ठेवायचे नाहीत असं सरळच सांगितलंय. आपण आठवडा काढतो, वर तिच्यासाठी प्रार्थना पण करतो.

आता कुणीतरी म्हणणार की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने आहे, आपल्या कर्मांनी नाही. मान्य, इफिसकरांस पत्र 2:8-9 मलाही पाठ आहे. पण लोक नवव्या वचनावर येऊन थांबतात, दहाव्यात सत्कर्मांसाठीच आपल्याला घडवलंय असं आहे ते कोण वाचणार. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरलाही कर्मांवर भर देणारा हा याकोब फारसा पचला नव्हता, आपल्या जर्मन नव्या कराराच्या 1522 च्या प्रस्तावनेत त्याने त्या पत्राला चक्क गवताचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं, पण बायबलमधून काढून टाकलं नाही हे बरं झालं, नाहीतर आपल्याला आयतीच पळवाट.

मला खरं तर सगळ्यात जवळचा वाटतो जक्कय, लूक 19 मधला श्रीमंत जकातदार. संडेस्कूलमध्ये झाडावर चढलेला बुटका माणूस एवढंच शिकवतात, पोरं हसतात, विषय संपला. खरी गंमत तो खाली उतरल्यावर आहे. येशूने तिथे त्याला हिशेब विचारल्याचं, झापल्याचं काही लिहिलेलं नाही, नुसतं आज तुझ्या घरी उतरायचंय म्हणाला, आणि हा गडी आपणहून उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलंय त्याला चौपट परत. साक्ष द्यायची तर अशी. माझं जीवन कसं बदललं यावर माईक धरून अर्धा तास नाही, थेट आकडा.

आणि मत्तय 5:23-24. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नीट बघा, माझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे हा प्रश्नच नाहीये तिथे, त्याच्या मनात काय आहे ते विचारलंय. मी कुणावर रागावलेलो नाही, माझं मन साफ आहे, असं म्हणून सुटता येत नाही. त्या बाईच्या मनात काय असेल सांगा की. ज्या पाकिटातून रविवारी दानाच्या पिशवीत नोट जाते त्याच पाकिटात तिचा पगार अडकलेला असतो, म्हणजे क्रम आधी तिचं घर, मग वेदी. पाळकांनी एखाद्या रविवारी अर्पणाच्या आधी हे वाचून पाच मिनिटं थांबावं, निम्मी मंडळी फोन घेऊन बाहेर जाईल असा माझा अंदाज आहे, आणि त्या दिवशी उपासना उशिरा संपली तर कृपया कुणी कुरकुर करू नका.