तिरळेपणाच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

माझ्या उजव्या डोळ्याचा आतला, म्हणजे नाकाकडचा, स्नायू सोडवून मागे शिवला आहे. टाके विरघळणारे, साधारण सहा ते आठ आठवड्यांत जातात. व्रण राहणारच, कारण तोच स्नायूला नव्या जागी धरून ठेवतो. त्रास होतो तो जादा व्रणाचा. वरचं आवरण, आतली चरबी आणि स्नायू एकमेकांना चिकटले की डोळ्याची हालचाल अडते. सूज जितकी रेंगाळेल तितकं हे चिकटणं वाढतं, आणि नंतर कुठल्याही मालिशने ते सुटत नाही. म्हणून सगळी मेहनत सुरुवातीलाच.

मला स्टेरॉइड-अँटिबायोटिकचे ड्रॉप दिवसातून चार वेळा होते, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. लाली ओसरली म्हणून मध्येच सोडले तर सूज उसळते; मनाने लांबवले तर डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, तेव्हा तपासणीत ते मोजून घ्यावं. औषध दुधाळ असेल तर बाटली आधी हलवायची. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो. घाम धूळ घेऊन थेट डोळ्यात उतरतो, म्हणून कपाळाला सुती रुमाल बांधायचा. आपला खरखरीत टर्किश टॉवेल डोळ्यापासून लांब. पापण्या उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसायच्या. पहिला आठवडा आंघोळ मानेखालून. विहिरीत पोहणं महिनाभर बंद. पॉवरलूमवर सुताची कुसं उडतात, विडी वळताना तंबाखूची भुकटी बोटांना राहते. दोन्ही ठिकाणी चष्मा हवा आणि ड्रॉपआधी साबणाने हात धुवायलाच हवेत. एरंडेल, मध, गुलाबपाणी काहीही डोळ्यात घालायचं नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, धूम्रपान बंद हवं. दोन्हींमुळे जखम उशिरा भरते.

वाचन, टीव्ही यांनी टाके तुटत नाहीत. चोळल्याने मात्र धोका असतो, आणि झोपेत नकळत चोळलं जातं. रात्री डोळ्यावर शील्ड, म्हणजे कडक झाकण, लावायचं. टोचणं, लाली, थोडे दिवस दोन-दोन दिसणं अपेक्षित आहे. पण दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पापणी सुजून पू आला, नजर धूसर झाली किंवा डोळा अचानक बाहेर वळून आत येईनासा झाला, तर त्याच दिवशी सर्जन गाठायचा. शेवटच्या प्रकारात स्नायू सटकलेला असू शकतो आणि तो लवकर शोधला तरच सहज सापडतो.