कसली लेखिका

बारशाहून आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. वहिनींनी ओळख करून दिली, "या आमच्या वन्सं, लेखिका आहेत हं." मी लगेच, "कसली लेखिका हो, आपलं काहीतरी खरडते." सवयीनं तोंडातून गेलं. मग क्षणभर थांबले. कुणीतरी 'छे, असं कसं!' म्हणेल अशी सोय मी ठेवली होती. कुणी म्हटलं नाही. त्या बाई "हो का," म्हणाल्या आणि मठ्ठ्यात मीठ आहे की नाही ते बघायला लागल्या.

लोकांनी माझंच म्हणणं मान्य केलं तर मला राग कसला आला? आणि तो अजून उतरत कसा नाही?

साडीही न बदलता कपाटातून हिंदी लेखिका मन्नू भंडारींचं आत्मकथन, 'एक कहानी यह भी', काढलं. हवं होतं ते सुरुवातीच्याच पानांत सापडलं. अजमेरच्या घरात वडिलांना गोऱ्या रंगाचं कौतुक. मन्नू सावळी, काटकुळी. मोठी बहीण सुशीला गोरी, धडधाकट, हसरी, आणि उठताबसता तिच्याशी तुलना. (आमच्या अण्णांचंही... जाऊ दे, आता ते नाहीत.) त्यातून जी गाठ बसली ती नावलौकिक मिळाल्यावरही सुटली नाही, असं त्या लिहितात. कुणी त्यांच्या लेखनाचा गौरव करत ओळख करून द्यायला लागलं की त्या संकोचानं आक्रसून जातात. जे मिळालं तो नुसता तुक्का लागला असं वाटत राहतं.

'महाभोज'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या बाईला असं वाटतं! पहिल्यांदा बरं वाटलं, चला, सोबत आहे. मग चिडचिड झाली. त्यांचा तुक्का असेल तर माझं काय आहे? माझा तर नेमही लागलेला नाही. दिवाळी अंकांतल्या काही कथा आणि एक संग्रह, ज्याच्या प्रती पलंगाखाली आहेत. वहिनींना एक दिली होती. वाचली का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गंमत म्हणजे आज त्या हॉलमध्ये कुणाला मन्नू भंडारी माहीत आहेत का विचारलं असतं तर तेच 'हो का' आलं असतं. पण विद्या सिन्हा आणि आपल्या अमोल पालेकरांचा 'रजनीगंधा' त्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिला असणार. तो १९७४चा सिनेमा मन्नूंच्या 'यही सच है' या कथेवरचा. कथा एका मुलीच्या डायरीतली, कानपूर आणि कलकत्त्यातली. बासू चटर्जींनी ती दिल्ली-मुंबईला आणली. प्रिया तेंडुलकरच्या 'रजनी' मालिकेच्या लेखनातही मन्नूंचा हात होता. म्हणजे नावानं नाही तरी पडद्यावरून त्या घरोघरी पोचल्याच. माझं तसंही काही होणार नाही. हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पंगतीत पोटभर जेवून आलेली बाई मी, आणि रडतेय!

मन्नूंचे नवरे, लेखक राजेंद्र यादव, यांच्याबद्दल लिहायला बसले तर पहाट होईल. म्हणून नाही लिहीत.

पण 'बंटी'चं प्रकरण मात्र झोपू देत नाही. 'आपका बंटी' ही त्यांची कादंबरी आधी मुंबईच्या 'धर्मयुग' साप्ताहिकात क्रमशः आली, १९७१ला पुस्तक झालं. आईवडील वेगळे झालेले, दोघंही आपापल्या जागी चुकीचे नाहीत, आणि मुलाला कुठेच जागा नाही. शेवटी त्याची रवानगी होस्टेलवर. तिच्यावर 'समय की धारा' नावाचा सिनेमा निघाला. आपल्या कादंबरीची त्यात मोडतोड झाली म्हणून मन्नू दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पैसे घेऊन हक्क विकले तरी लेखकाचं आपल्या कृतीशी असलेलं नातं विकलं जात नाही, हा मुद्दा १९८६च्या त्या निकालानं उचलून धरला. कॉपीराइटच्या अभ्यासात आजही त्याचा दाखला देतात.

कुणी ओळख करून दिली की आक्रसणारी बाई बंटीसाठी सिनेमावाल्यांशी भांडली. स्वतःला तुक्का म्हणायची मुभा तिला होती. बंटीला हात लावायची कुणालाही नव्हती. मी आजवर याकडे दोन वेगळ्या गोष्टी म्हणून बघत होते.

आणि मग हसूच आलं. मागे एका अंकाच्या संपादकांनी जागेअभावी माझ्या कथेचा शेवटचा परिच्छेद उडवला होता, तेव्हा 'काहीतरी खरडणाऱ्या' बाईनं त्यांना चार पानी पत्र लिहिलं होतं. पाठपोट. ह्यांनी ते वाचून विचारलं होतं, "रजिस्टर्ड एडीनं पाठवणार का?" पाठवलं होतं. पोचपावती अजून फायलीत आहे, विजेच्या बिलांच्या मागे.

मन्नूंचं नंतरच्या वर्षांतलं दुखणं, लेखन आटत जाणं, ती पानं आज उघडली नाहीत.

त्याच संपादकांचा परवा फोन आला होता, यंदाच्या अंकासाठी कथा द्या म्हणून. "मॅडम, शेवट तेवढा आटोपशीर ठेवा," असंही हसत हसत म्हणाले. कथा झालीय जवळजवळ. शेवट दीड पानांचा आहे. तो तेवढाच जाईल.