टीडीएस मीटर आणि तिसरी कॉईल

गीझर आणि वॉशिंग मशीनच्या रिपेरिंगमध्ये बरीच वर्षं काढली, पण एकाच घरात दीड वर्षात तिसऱ्यांदा कॉईल बदलायला जायची वेळ पहिल्यांदाच आली होती. काका फोनवरच चिडलेले, "अरे डुप्लिकेट माल टाकतोस का रे तू? गीझर लावला की अख्ख्या घराची लाईट जाते." आधीच्या दोन्ही कॉईल मीच बसवलेल्या, त्याही ओरिजिनल, त्यामुळे ते मनाला लागलं.

गेलो, टाकी रिकामी करायला घेतली तर ड्रेनमधून पाणीच येईना. तोंडाशी पांढरी खडी अडकलेली. तार घालून मोकळं केलं तेव्हा पाण्याबरोबर चांगली दोन मुठी खडी बादलीत पडली. कॉईल तर भोकातून बाहेरच निघेना, बोटाएवढी कॉईल थर बसून बसून मनगटाएवढी झालेली, थर फोडून फोडून काढावी लागली. एका ठिकाणी तांब्याचं आवरण फाटून आत पाणी शिरलं होतं म्हणून ब्रेकर पडत होता, आणि तो पडत होता हे खूप बरं, नाहीतर तोच करंट अंघोळीच्या पाण्यात आला असता. टाकीऐवजी स्वतः झिजून तिला गंजापासून वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या अॅनोड रॉडची नुसती आतली तार उरलेली.

हे कॉईलच्या कंपनीचं काम नाही, पाण्याचं आहे हे तिथेच कळलं. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात, पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होतो आणि सगळ्यात गरम जागेवर म्हणजे कॉईलवरच बसतो. थरातून उष्णता नीट बाहेर जात नाही, पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि कॉईल आतल्या आत भाजून निघते. त्यात काकांचा थर्मोस्टॅट 75 वर, म्हणजे थर अजून जोरात.

पण काका ऐकेनात. "पाण्याचं नाव सांगू नकोस, सॉफ्टनर आहे आमच्याकडे." आणि पाण्याचा जडपणा काढणारं ते यंत्र खरंच होतं, गॅलरीत, पाईपला व्यवस्थित जोडलेलं. मिठाचा डबा उघडला तर कोरडा ठणठणीत. मीठ कधी टाकलं होतं विचारलं तर काकांनी खिशातून टीडीएस मीटर काढला आणि म्हणाले, "हे बघ, बसवला तेव्हाच मी चेक केलं होतं, आधी 620 आणि नंतर पण 620च्या आसपास. मशीन काही कामच करत नाही, मग मीठ कशाला वाया घालवायचं?"

मी दोन मिनिटं गप्पच बसलो. काकांनी आळस केला नव्हता, उलट मोजून बघितलं होतं, फक्त चुकीचं मीटर घेऊन. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, त्यातला कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही. सॉफ्टनर क्षार काढून टाकतच नाही, अदलाबदल करतो. त्याच्या आतले रेझिनचे मणी 1 कॅल्शियम धरतात आणि 2 सोडियम सोडतात, वजनाने 40 च्या जागी 46, म्हणजे टीडीएस उतरायचा सोडून किंचित वाढतोच. मणी कॅल्शियमने भरले की मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा तयार करावे लागतात, मीठ बंद झालं की सॉफ्टनर म्हणजे नुसता पाईप.

बॅगेत हार्डनेसचं थेंबवालं किट होतं. बाटलीत पाणी घेऊन बफर आणि इंडिकेटर टाकला की ते लालसर होतं, मग थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. माझ्या किटमध्ये 1 थेंब म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने लिटरला 25 मिलिग्रॅम जडपणा. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी 17 थेंबांना निळं झालं, म्हणजे 425. 180 च्या वर गेलं की पाणी खूप जड धरतात. सॉफ्टनरनंतरचं पाणी काकांच्याच हाताने करायला लावलं, तेही 17. रोज 100 लिटर तापवलं तर जडपणाचे साधारण 42 ग्रॅम क्षार टाकीतून जातात, सगळे बसत नाहीत पण थोडे बसले तरी वर्षात काय होईल विचार करा.

मग मीठ आणवलं, रिजनरेशन म्हणजे मिठाच्या पाण्याने मणी धुवायचं काम केलं, तोपर्यंत गीझर जोडला, नवीन कॉईल, नवीन रॉड, थर्मोस्टॅट 60 वर. काकू म्हणाल्या टॉवेल पण कडक होतात, पावडर कितीही टाका फेस येत नाही, तोही याच पाण्याचा त्रास, साबण कॅल्शियमशीच लढण्यात संपतो. वॉशिंग मशीनच्या इनलेटची जाळी काढली तर अर्धी पांढरी झालेली, सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात टाकली तशी फसफसून साफ झाली. पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाईनवर आहे ना तेवढं बघून घेतलं, सोडियम कमी खायला सांगितलेल्या माणसासाठी ते बघावंच लागतं.

रिजनरेशन झाल्यावर पुन्हा टेस्ट, पहिल्याच थेंबाला पाणी निळं. काकांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ बघितली, मग टीडीएस मीटर बुडवला, 630. "म्हणजे मीच बंद पाडला होता की रे," एवढंच म्हणाले. मला माझंही वाईट वाटलं, पहिल्या दोन वेळा मी पाणी तपासलंच नव्हतं, कॉईल बदलली आणि निघालो. ते किट मी त्यांच्याकडेच ठेवून आलो.

मागच्या महिन्यात वर्षाची सर्व्हिस करायला गेलो. कॉईल एका हाताने बाहेर आली, वर पिठासारखी पातळ पूड, फडक्याने पुसली तर खाली तांबं दिसलं. रॉड अर्धा संपला होता, तो बदलला.