खोकल्याचं मूळ लघवीच्या औषधात निघालं

लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा व्हायचा म्हणून मला रोज रात्री नायट्रोफ्युरॅन्टॉइनची एक कॅप्सूल सुरू केली होती. चांगला गुण आला आणि वर्षभर मी ती बिनघोर घेतली. मग खोकला लागला. कोरडा, कफाचा पत्ता नाही. पुढे दोन जिने चढले की धाप लागायला लागली.

त्यानंतरचे चार महिने आठवले की आजही संताप होतो. छातीच्या ओपीडीत दर खेपेला तोच फॉर्म. त्यात 'सध्या चालू असलेली औषधे' यासाठी जेमतेम एक ओळ. मी बीपीची गोळी लिहायचे की ओळ संपली. लघवीच्या औषधाचा फुफ्फुसाशी संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही, आणि समोरून कुणी विचारलंही नाही. आधी खोकल्याचं सिरप, मग अ‍ॅलर्जीची गोळी, मग दम्याचा पंप. एक्स-रेत 'विशेष काही नाही'. पंपानेही फरक पडेना, तर तुमची ओढायची पद्धत चुकते म्हणून पुढची तारीख. दोन-दोन तास बाकावर बसून हाती काय, तर नवी चिठ्ठी. आणि घरी रोज रात्री मी तीच कॅप्सूल न चुकता घेत होते!

चौथ्या खेपेला डॉक्टर बदलल्या होत्या. पाठीवर अगदी खाली स्टेथोस्कोप ठेवून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "व्हेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज येतोय," म्हणाल्या, आणि विचारलं, "रात्री झोपताना काही घेता का?" मी पर्समधून स्ट्रिप काढून दिली. नाव वाचलं आणि त्यांनी कॅप्सूल त्याच दिवशी बंद केली. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी धुरकट काचेसारखे पट्टे दिसले. काहींना स्टेरॉइड द्यावे लागतात, मला लागले नाहीत. खोकला काही आठवड्यांत गेला, धाप कमी व्हायला महिने लागले.

हा त्रास क्वचितच होतो, म्हणून माझं वाचून कुणी परस्पर औषध सोडू नका. पण सहा महिन्यांहून जास्त काळ घेत असाल आणि कोरडा खोकला हटत नसेल, तर आपणहून नाव सांगा. फॉर्मवर जागा नसली तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा, आणि सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या. एक राहिलंच, दुसरा प्रकार झटपट येतो: औषध सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत ताप, खोकला, दम. त्यात पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एकदा असं झालेल्यांनी तेच औषध पुन्हा घेतलं तर काही तासांतही त्रास उलटतो. म्हणून माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर ते नाव आता लाल शाईत आहे. ते मीच लिहिलंय.