सोमवार किती असावेत?

वर्षात सोमवार ५२ येतात, एखाद्या वर्षी ५३. पण प्रोग्रॅममध्ये सोमवार किती असावेत? माझं मत, एकच. मात्र तो एकच राहावा म्हणून प्रोग्रॅमिंगच्या भाषा घडवणाऱ्यांनी किती दारं बंद केलीत ते पाहिलं की आदर वाटू लागतो. (आणि तोही सोमवारबद्दल!)

संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९७० च्या पास्कल भाषेत नावांची (जसं सात वारांची) यादी देऊन नवा टाइप, म्हणजे मूल्यांचा प्रकार, बनवायची सोय केली. आतून ते आकडेच: पहिलं नाव शून्य, दुसरं एक. पुढे ओबेरॉन भाषेत याच विर्थ यांनी ही सोय काढूनही टाकली. सी-शार्प भाषेचा एनम (नावांच्या यादीचा असाच टाइप) त्याच घराण्यातला. नाव सोमवार, पोटात इंट, म्हणजे पूर्णांक. त्यामुळे ४२ हा आकडा वार म्हणून कास्ट केला, म्हणजे त्याला वाराचा टाइप चढवला, तर ना कंपायलर (कोड आधी तपासणारा) हरकत घेतो ना रनटाइम (तो चालवणारा). बेचाळिसावा वार निमूट कामाला लागतो!

जावाने २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत, दुसरी वाट धरली. तिथे सोमवार हा ऑब्जेक्ट (मेमरीतली वस्तू) आणि व्हेरिएबलमध्ये राहतो तो त्याचा रेफरन्स, म्हणजे पत्ता. हजार ठिकाणी सोमवार लिहा, सगळे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवणार. म्हणून तुलनेला ==, म्हणजे 'तोच ऑब्जेक्ट का?' एवढा प्रश्न, पुरतो.

खरी गंमत राखणीत आहे. एनम येण्याआधी लोक हाच प्रकार हाताने करत: क्लास (ऑब्जेक्टचा साचा) लिहायचा, कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनवणारा कोड) प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांना बंद, ठेवायचा. पण तो ऑब्जेक्ट सीरियलाइझ करून (बाइट्समध्ये उतरवून) फाइलमध्ये ठेवला आणि परत वाचला, की दुसरा सोमवार जन्माला यायचा आणि पहिला त्याला ओळखायचा नाही. म्हणून जावाचा एनम फाइलमध्ये फक्त नाव लिहितो आणि वाचताना जुनाच ऑब्जेक्ट हातात देतो. क्लोन (नक्कल) करायला बंदी, रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना क्लासच्या आत हात घालून) नवा बनवायलाही बंदी. एवढ्या बंदोबस्तातही फट उरते: दोन वेगळ्या क्लासलोडरनी (क्लास मेमरीत आणणाऱ्यांनी) तोच एनम लोड केला की सोमवार पुन्हा दोन.

शिवाय ऑब्जेक्ट म्हटला की त्यात फील्ड (माहितीचा कप्पा) आलं. ते फायनल, म्हणजे न बदलणारं, असावं अशी सक्ती जावा करत नाही. कुणी दूरच्या एखाद्या मेथडमध्ये सोमवारचं 'सुट्टी' हे फील्ड ट्रू केलं, की साऱ्या प्रोग्रॅमला सुट्टी! रेफरन्सऐवजी नुसती व्हॅल्यू असती तर गोंधळ ज्याच्या त्याच्या कॉपीपुरता राहिला असता. फील्ड बदलायची बंदी भाषेनेच घालायला हवी होती; कोड रिव्ह्यूवर सोडलेली शिस्त शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच टिकते.

आणि रेफरन्स आला की पाठोपाठ नल ('कुठलाच ऑब्जेक्ट नाही') येतो. सात वारांच्या टाइपमध्ये हा आठवा. साध्या स्विचला (वारानुसार वाट निवडणाऱ्या कोडला) दिला की नलपॉइंटर एक्सेप्शन, म्हणजे चालता चालता एरर. सी-शार्पच्या एनमला हा त्रास नाही. तिथे फील्डमध्ये वार भरायचा राहिला तर तो शून्य, म्हणजे (तिथल्या यादीत रविवार पहिला असल्याने) मुकाट्याने रविवार. यापेक्षा मला आरडाओरडा करणारा नल परवडला.

२०१६ च्या कॉटलिन १.० भाषेने ऑब्जेक्ट ठेवला आणि नलला टाइपबाहेर बसवलं. वार म्हणजे सातच. आठवा हवाच असेल तर टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावून मागायचा. व्हेनमधून (कॉटलिनच्या स्विचमधून) उत्तर काढताना एखादा वार सुटला तर कंपायलर अडवतो. जावाच्या कोडमधून हाती आलेल्या वाराबद्दल मात्र कॉटलिनही खात्री देत नाही, तिथे पाहुण्याची तपासणी आपणच करायची.