द्वारकेला जाल तेव्हा समुद्रासाठी वेळ राखून ठेवा

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतून द्वारकेला जाणे होते ते बहुधा दर्शनासाठीच. द्वारकाधीशाच्या जगत मंदिराच्या रांगेत उभे राहायचे, नागेश्वर आणि बेट द्वारका एका दिवसात उरकायचे आणि लगेच सोमनाथची वाट धरायची, असाच बेत दांडिया बाजारातल्या कोणत्याही घरी ऐकायला मिळतो. या बेतात समुद्राला जागाच नसते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण गुजरातच्या पश्चिम टोकाचा हा किनारा देखणा तर आहेच, शिवाय आपल्या शहराच्या इतिहासाशी त्याचे फार जवळचे नाते आहे.

बडोदे शहराला समुद्र नसला तरी बडोदे संस्थानाला तो होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीपासून द्वारका, बेट आणि ओखा यांचा मिळून झालेला ओखामंडळ हा मुलूख गायकवाडांच्या अमलाखाली होता. राजधानीपासून इतक्या दूर असलेल्या, पावसाच्या बाबतीत कायम उपेक्षित राहिलेल्या या प्रदेशाला कसदार शेती देणे शक्य नव्हते, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या काळात तेथे बंदर उभारण्यात आले आणि 1926 साली ओखा बंदर सुरू झाले. पुढे 1939 साली जवळच मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली, तेव्हाही तो भाग बडोदे संस्थानातच होता. सयाजीबागेत फिरायला जाणाऱ्या बडोदेकराने एकदा तरी ओख्याच्या धक्क्यावर उभे राहून महाराजांचे हेही काम पाहावे, असे मला वाटते.

मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल मध्यरात्र उलटल्यावर बडोद्याला येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास द्वारकेला पोहोचवते. जगत मंदिर साधारणपणे दुपारी एक ते पाच बंद असते. बहुतेक यात्रेकरू हा वेळ खोलीवर झोपून काढतात. आपण मात्र थोडी विश्रांती झाली की गोमती घाटावर यावे. गोमती येथे समुद्राला मिळते आणि भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत शिरून घाटाच्या पायऱ्या चढू लागते. संगमाजवळ समुद्रनारायणाचे मंदिर आहे, तर पलीकडच्या वाळूत गोड्या पाण्याच्या पाच विहिरी आहेत. सभोवती खारे पाणी असताना या विहिरींचे पाणी गोड कसे, हा प्रश्न मुलांना अवश्य विचारावा. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहते, हे त्यांना तेथेच समजावून सांगता येते.

घाटावर विकायला ठेवलेल्या पांढऱ्या चक्रांकित शिळा हातात घेऊन नीट पाहाव्यात. मध्यबिंदूपासून कडेपर्यंत गेलेल्या आऱ्यांसारख्या बारीक रेषा आणि जागोजागी छिद्रे असलेली ही शिळा म्हणजे मुळात प्रवाळाचा सांगाडा आहे. घराघरांतल्या देव्हाऱ्यांत शाळिग्रामाशेजारी जिची पूजा होते ती या समुद्रातल्या एका जिवाने घडवलेली आहे, हे कळल्यावर माझी त्या शिळेवरची श्रद्धा कमी झाली नाही, उलट समुद्राविषयीचा आदर वाढला.

संध्याकाळी मंदिर उघडण्याच्या सुमारास ध्वजारोहण होत असेल तर ते चुकवू नये. 52 गजांचा ध्वज दिवसातून अनेकदा बदलला जातो आणि तो चढवण्याचा मान अबोटी ब्राह्मणांचा असतो. समुद्रावरून सुटलेल्या वाऱ्यात शिखराच्या टोकापर्यंत चढून जुना ध्वज उतरवणारा आणि नवा बांधणारा माणूस खालून पाहताना अंगावर काटा येतो. सूर्यास्तासाठी मात्र भडकेश्वर महादेव गाठावे. समुद्रात पुढे गेलेल्या खडकावरचे हे छोटे मंदिर भरतीच्या वेळी तिन्ही बाजूंनी लाटांनी वेढले जाते. पावसाळ्यात या खडकांवर उतरणे धोक्याचे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शिवराजपूरला जावे. द्वारकेहून ओख्याच्या दिशेने सुमारे बारा किलोमीटरवर असलेल्या या किनाऱ्याला 2020 साली स्वच्छ किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. स्वच्छ पाणी, पांढरट वाळू आणि ऊन चढण्यापूर्वीची शांतता यांसाठी तेथे जायचे. आखून दिलेल्या भागातच पोहावे. तेथून पुढे बेट द्वारकेला जाण्यासाठी पूर्वी ओख्याहून होडीच लागत असे. 25 फेब्रुवारी 2024 रोजी सुदर्शन सेतू सुरू झाल्यापासून गाडी थेट बेटावर जाते. तरीही पुलावरची पायवाट चालत जावे, कारण दोन्हीकडच्या पाण्याचा रंग आणि ओख्याच्या मच्छीमार नौकांची वर्दळ गाडीच्या काचेतून नीट दिसत नाही. बेटावरच्या मंदिरात सुदाम्याच्या पोह्यांची आठवण म्हणून तांदूळ अर्पण करण्याची प्रथा आहे. तेवढे मूठभर तांदूळ घरून बरोबर न्यावेत.

हिवाळ्यात गेल्यास मिठापूर आणि चरकला या भागांतील मिठागरांकडे लक्ष ठेवावे. उथळ खाऱ्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. मिठागरांच्या आत जाण्यास परवानगी लागते, परंतु दुर्बीण असेल तर रस्त्यावरूनही पुष्कळ दिसते.

स्वतःच्या गाडीने गेलेल्यांनी परतताना एक वाकडी वाट अवश्य करावी. जामनगरच्या अलीकडे वाडीनारच्या बाजूला वळले की नरारा येथे कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान लागते. ओहोटीला पाणी इतके दूर सरते की घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाऊन जिवंत प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे आणि नशीब असेल तर अष्टपाद म्हणजे ऑक्टोपससुद्धा पाहता येतो. वाटाड्या बरोबर घ्यावा, पण कोणताही प्राणी पाण्याबाहेर काढून दाखवू नका, असे त्याला आधीच सांगावे. प्रवाळाला कायद्याचे संरक्षण आहे आणि त्यावर पडलेले एक पाऊलही बरेच नुकसान करते. पायात जाड रबरी तळाचे, घट्ट बसणारे बूट हवेत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणामुळे ओहोटीही मोठी असते, म्हणून तिथी पाहून आणि वनखात्याकडे ओहोटीची वेळ व परवान्याची चौकशी करून मगच प्रवासाच्या तारखा ठरवाव्यात.